नळाला करंट येत होता तेव्हा

जी गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही, ती इथे लिहितो आहे. शेवगावात आमच्या गल्लीतल्या सात घरांच्या नळांना जवळजवळ महिनाभर करंट येत होता, तो माझ्यामुळे. त्याचं खापर ज्या माणसाच्या माथी फुटलं तो त्या महिन्यात रोज माझ्या दारावरून जात होता आणि मला हात जोडून नमस्कार करत होता.

गल्ली त्यांना वायरमन मामा म्हणायची. नाव लिहीत नाही. ते लिहायला त्यांची परवानगी लागेल, आणि ती मागायला जायचं तर आधी बाकीचं बरंच सांगावं लागेल.

मामा कुणाच्या घरी आले की बोर्डाकडे बघायचेच नाहीत. चप्पल उंबऱ्याबाहेर काढायची, पिशवी भिंतीला टेकवायची, फरशीवर मांडी घालून बसायचं आणि म्हणायचं, "हां. आता बोला. कदीपासनं?"

मग घरातल्या प्रत्येकाची जबानी व्हायची. दिवा गेला तेव्हा कोण कुठे होतं, काय शिजत होतं, कोण अंघोळीला गेलं होतं. सासू आणि सून यांना ते एकत्र कधी विचारत नसत. "सासू म्होरं बसली का सून इस्त्री लावल्याचं सांगत न्हाई," म्हणायचे. त्यांचा नियम होता की ज्याच्या घरात बिघाड, त्याचं सांगणं निम्मं धरायचं. उरलेलं निम्मं हातानं बघायचं. "बोर्ड खोटं बोलत न्हाई, सर. घर बोलतं." एकदा त्यांच्याच घरी मामींनी सांगितलं, बटण बंद आहे. मामा उठून बघून आले. मामी चिडल्या तर म्हणाले, "तुजं बी निम्मंच. नियम म्हंजी नियम."

तुम्ही पाहिलं असेल, लोक वायरमनला उशीर झाला म्हणून बोलतात. आमच्याकडे लोक बोलायचे ते हा माणूस उठतच नाही म्हणून. पण उठला की बिघाड सापडलेला असायचा.

मागच्या आळीतल्या एका घरातला फ्रिज फक्त जावयाला शॉक द्यायचा. बाकी कुणालाच नाही. सासू, सासरे, मेहुणा, सगळे दार उघडत होते, भाजी काढत होते. जावई हात लावायचा आणि ओरडायचा. तीन खेपांनंतर त्यानं बायकोला सांगितलं की तुझ्या माहेरचे मला घालवायला टपलेत. प्रकरण चार नातेवाइकांच्या बैठकीपर्यंत गेलं. बैठकीला मामांनाही बोलावलं. मामांनी सगळ्यांची जबानी घेतली आणि शेवटी प्रत्येकाच्या पायांकडे बघितलं.

"शहाबादी गार लागती म्हनून तुमी समदे घरात बी चपला घालता. पाव्हण्याला आल्या आल्या पाय धुवायला लावता, आन त्यो तसाच वल्ल्या पायानं आत येतो. करंट समद्यांनाच हाय. वाट एकट्या जावयातनंच मिळती."

त्यांनी फ्रिजला अर्थिंग दिलं. जावयाला मानानं नवी चप्पल मिळाली. तिकडे दुसऱ्या एका घरात दर गुरुवारी सकाळी सातला मेन पडायची. घरानं तो देवाचा कोप मानून शांती करायचं ठरवलं होतं, भटजीसुद्धा सांगून ठेवले होते. मामा एक गुरुवार तिथे पहाटेपासून मांडी घालून बसले. आजोबांनी अभिषेक घातला, पाणी देव्हाऱ्याच्या कडेनं ओघळून दिव्यांच्या माळेच्या उघड्या जोडात गेलं, मेन पडली. मामा उठले. "देव कोपला न्हाई. देव भिजला." जोडाला चिकटपट्टी गुंडाळली आणि निघाले.

असा हा माणूस मला फार मानायचा. मी हायस्कूलला विज्ञान शिकवतो. आठवीला विद्युत परिपथ असतो, तो मी पंचवीस वर्षं फळ्यावर काढतो आहे, पोरं वहीत उतरवतात, दिवा कागदावर लागतो. मामांना एवढं पुरेसं होतं. "आमी झटके खाऊन शिकलो. सरांनी न खाता शिकलं," असं ते लोकांना सांगायचे.

त्या उन्हाळ्यात आमच्या मोरीतला दिवा गेला. मामा आले, बसले, विचारलं, मग टेस्टर लावून म्हणाले, "न्यूट्रल तुटलीय, सर. भिंतीच्या आत. फोडावी लागंल."

भिंतीला चारच दिवसांपूर्वी रंग दिला होता. पुढच्या आठवड्यात मोठ्या मुलीला बघायला माणसं येणार होती. मी म्हणालो, "राहू द्या, पाहुणे जाऊ देत."

ते गेल्यावर मी मोरीत उभा राहून विचार केला. न्यूट्रल म्हणजे काय, परतीची वाट. वाट काय, जमिनीतूनही मिळते. मी दिव्याच्या होल्डरमधून एक वायर काढली, रंगवलेल्या भिंतीच्या कडेनं खाली आणली आणि धुण्याच्या दगडामागे नळाच्या लोखंडी पाइपाला आवळली. बटण दाबलं. दिवा लागला. आयुष्यात पहिल्यांदा माझा परिपथ फळ्याबाहेर चालला. मी मोरीत एकटाच हसलो.

गल्लीची जुनी पाइपलाइन सगळी लोखंडाची होती आणि सातही घरांना एकच होती. मोठ्या रस्त्यावरून येणारी तेवढी प्लास्टिकची झालेली. एप्रिलमध्ये जमीन भाकरीसारखी वाळलेली. करंटला खाली जायला वाट मिळेना, तो पाइपातच रेंगाळायला लागला. हे मी आता लिहितो आहे. तेव्हाही मला तिसऱ्या दिवशी कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कळशी टाकून ओरडल्या. "नळ चावला गं बाई!"

काकूंच्या घरी दोनच दिवसांपूर्वी मामांनी पाण्याच्या टाकीची मोटर बसवली होती. कुणाला काही शोधावं लागलं नाही. "वायरमननं काय जोडून ठेवलं कुणाला ठाऊक," काका म्हणाले. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

पुढच्या दिवसांत जे झालं ते सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी वाढवून लिहितो आहे. कोपऱ्यावरच्या आजींनी नळाला हळदकुंकू वाहिलं. काकू चपला घालून आणि पंच्यानं तोटी धरून पाणी भरू लागल्या. एका निवृत्त तलाठ्यांनी सकाळी तोटी धरली आणि जाहीर केलं की गुडघ्याला आराम पडला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात चार म्हातारी माणसं रांगेत. "जरा जास्त वेळ धरा, मणक्यालाबी पोचतं," तलाठी समजावत होते. आमच्या घरात मी नियम केला की मोरीत पाटावर उभं राहायचं. बायकोनं विचारलं, का? म्हणालो, पाण्याची बचत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाटावर उभी राहिली.

मामांनी काकूंची मोटर तीनदा उघडली, शेवटी काढून घरी नेली. नळ चावतच राहिला. मग त्यांनी ठरवलं, एकेका घराची मेन बंद करायची आणि दुसऱ्यानं तोटीला टेस्टर लावायचा. सहा घरं झाली. सातव्या घराशी, माझ्या दाराशी, आले.

"सर, तुमची बी एकदा पाडतो. रीत म्हनून."

मी म्हणालो, "मी सकाळीच सगळं तपासलं. आमच्याकडे काही नाही."

मामी, जावई, सासवा, सुना, कुणाचंही सांगणं पुरं न मानणारा तो माणूस म्हणाला, "सरांनी बघितलं म्हंजी झालंच की." आणि वळला. माझ्या घराची मेन त्यांनी पाडली नाही. पाडली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

चार दिवसांनी ते खिशातली डायरी घेऊन आले. तिच्यात त्यांनी झटक्याच्या वेळा लिहिल्या होत्या. पहाटे साडेपाच ते सव्वासहा. संध्याकाळी सात ते आठ. मधे काही नाही. रविवारी अर्धा तास उशिरा.

"ह्यो बिघाड लई शिस्तीचा हाय, सर. येळंवर येतो, येळंवर जातो. नोकरीवाल्या मानसावानी."

त्या माझ्या अंघोळीच्या वेळा होत्या, आणि संध्याकाळच्या बायकोच्या भांड्यांच्या. मोरीतला दिवा तेवढ्याच वेळी लागायचा. ते माझ्याकडे बघत होते. संशयानं नाही. उत्तराची वाट बघत होते.

"सायन्समदी काय म्हनत्यात ह्याला?"

मी सांगितलं. न अडखळता सांगितलं. जमिनीत क्षार असतात, सकाळ-संध्याकाळ तापमान बदलतं, त्यातून जमिनीतच वीज तयार होते. "भूविद्युत म्हणतात," मी म्हणालो. शब्द तिथल्या तिथे केला. रविवारचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचंही काही निघालं असतं.

त्यांनी डायरीत लिहिलं. 'भू' ऱ्हस्व की दीर्घ, तेही विचारून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या टपरीवर, बाजारात, काकूंच्या ओट्यावर ते लोकांना भूविद्युत समजावू लागले. लोक आधी ऐकायचे, मग हसायचे. "स्वतःला जमंना तं जमिनीवर ढकललं," काका म्हणाले. आठवड्यात मामांचं नावच भूविद्युत पडलं. 'सरांनी सांगितलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं, माझं नाव का घेत नाही? म्हणाले, "तुमचं नाव कशाला टपरीवर? लोक काय बी बोलत्यात."

शेवटी गल्लीनं नगरहून दुसरा वायरमन बोलावला. त्याच्याकडे मोठा मीटर आहे असं ऐकलं. मुलीला बघायला येऊन माणसं कधीच निघून गेली होती. मोरीकडे कुणी फिरकलंही नव्हतं, आणि लग्नाचं काही जमलंही नाही. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, गल्ली रिकामी असताना मी पक्कड घेऊन ती वायर तोडली, गुंडाळली आणि गहू ठेवायच्या कोठीमागे टाकली.

नगरचा माणूस संध्याकाळी आला. मीटर लावला, काकूंच्या स्वयंपाकघरातला एक जुना स्विच बदलला आणि म्हणाला, "धरा आता तोटी." काकूंनी धरली. काही नाही. त्याला नारळ दिला. तलाठी तेवढे नाराज झाले.

मामा मागे उभे होते. "बदललं काय?"

"स्विच."

"स्विचचा आन नळाचा काय संबंध?"

"मामा, आता तरी सोडा," कुणीतरी म्हणालं, आणि सगळी गल्ली हसली. मीही हसलो. ते मला विसरता येत नाही.

त्यानंतर मामांनी घराघरातली कामं बंद केली. स्टँडजवळ टेबल टाकून मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत. कुणी घरी बोलावलं तर म्हणायचे, "न्हाई वो. माज्या हाताला आता कळंना." पुढे मामी गेल्या आणि ते डोंगराकडे, अकोले तालुक्यात, लेकीच्या गावी राहायला गेले.

मागच्या दिवाळीनंतर मी सांगायचं ठरवून बसनं तिकडे गेलो. दोनदा गाडी बदलली. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. घर चढावर, खाली भाताची खाचरं. मामा ओट्यावर बसले होते. मला बघून घाईनं उठले आणि शेजारच्या दोघातिघांना हाक मारली.

"या, या. ह्ये आमचे सर. भूविद्युत ह्यांचीच हाय."

लोकांनी नमस्कार केला. एकजण म्हणाला, "आमच्या घरातला टीव्ही सारखा बंद पडतो, सर. मामा म्हनत्यात, भूविद्युत."

"बघितलात का तुम्ही?" मी मामांना विचारलं. "बोर्ड उघडून?"

"बघायचं काय त्यात? जमिनीतलंच हाय त्ये. मानसाच्या हातात न्हाई."

लेकीनं तांदळाची भाकरी वाढली. आत चुलीशी हळूच म्हणाली, "सर, आधी कुनी बोलावलं तर जेवन टाकून जायचे वो. आता घरातला दिवा गेला तरी उठत न्हाईत." मी भाकरी खाल्ली, पाणी प्यालो, शेवटची बस होती म्हणून निघालो. पाठ केलेलं वाक्य तसंच परत आणलं.

ते वाक्य असं आहे: मामा, बिघाड माझ्या मोरीत होता, वायर मी लावली होती, आणि तुम्ही काढलेल्या वेळा एकूण एक बरोबर होत्या. हे मला अकोल्याला जाऊन त्यांना सांगायचं आहे, आणि मग शेवगावात उरलेल्या सहा घरांच्या दारात उभं राहून. दोन्ही अजून बाकी आहे.