मामींचं इटलीचं आख्यान

वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या दोन्ही काठांवर माझ्या मामेसासूबाईंइतकी हट्टी बाई आजवर झालेली नाही, आणि पुढे होऊ नये अशी माझी कृष्णामाईला हात जोडून विनंती आहे. एक पुरे. मामी कीर्तनकार. वय सत्तरीपुढे, नऊवारी, खांद्याला पिशवी, पिशवीत पंच्यात गुंडाळलेली झांज आणि सुंठेची डबी. सत्काराला शाल-श्रीफळ घेऊन कोणी पुढे आलं की म्हणणार, "शाल राहू दे, तो माइक नीट लावा आधी. खरखरतोय." जतकडे भर उन्हाळ्यात कीर्तनाला गेल्या तेव्हा ऐन निरूपणात पाण्याचा टँकर आला आणि सगळ्या बायका घागरी घेऊन पळाल्या. दुसरी कोणी असती तर रुसली असती. मामी झांज वाजवत टँकरपाशी गेल्या आणि रांगेत उभ्या असलेल्या बायकांना राहिलेलं कीर्तन तिथंच ऐकवलं. वर रांग मोडणाऱ्या एकाला भर अभंगात नाव घेऊन झाडलं.

अशी ही बाई लेकीच्या बाळंतपणाला इटलीत, मिलानला गेली. आम्ही म्हटलं, चला, तीन महिने आमचा कृष्णेचा घाट शांत. मामींनी डिंकाचे लाडू वळले, नातीला न्हाऊ-माखू घातलं आणि दुपारच्या वेळी एकट्याच शहर हिंडायला लागल्या. भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण अडलं कुठं नाही. तिथं त्यांना एक जुनं देऊळ सापडलं. देऊळ हा मामींचा शब्द. चर्च म्हटलं की त्यांना परकं वाटतं. आत भिंतीभर चित्रं, आणि मधोमध एक आडवी भिंत. पूर्वी अलीकडे गावातले लोक बसायचे, पलीकडे मठातल्या जोगिणी, म्हणजे नन. जावयानं सांगितलं, की चारशे वर्षांपूर्वी अशा मठांतल्या बायका भिंतीपलीकडून, जाळीआडून गायच्या. चेहरा कुणाला दिसायचा नाही, पण तो आवाज ऐकायला परमुलखातून माणसं यायची. हे ऐकल्यावर मामी जोगिणींच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी टाळी वाजवून खणखणीत ओवी सुरू केली. पहारेकरी धावत आला. "काढलं मला बाहेर," त्या अभिमानानं सांगतात, "पण चार ओव्या झाल्या होत्या."

परत आल्या त्या हा विषय घेऊनच. भाजीवालीपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत कुणाला सोडलं नाही. डॉक्टरांकडे तर तोंडात यंत्र असताना! "अगं, हुंडा परवडत नाही म्हणून पोरींना मठात टाकायचे," मला भाकरी थापता थापता सांगायच्या. "एकीचं लग्न, बाकीच्या देवाला. पण त्या रडत बसल्या नाहीत. गाणी रचली, नाटकं लिहिली, दाढ्या चिकटवून पुरुषांची कामं स्वतःच केली. फ्लॉरेन्सच्या एकीनं केवढं तरी भिंतीएवढं चित्र काढलं, त्यांच्या देवाच्या शेवटच्या जेवणाचं. पंगतीला सगळे पुरुष! आणि हिला पुरुष समोर बसवून चित्र काढायची बंदी. मग काय, बघितल्या असतील मठातल्या बायका आणि दिली दाढी लावून!" नंतर म्हणे वरचे धर्माधिकारी बिथरले. बाहेरचे गुरू बंद, वाद्यं बंद, गाणं कमी करा. "आणि त्या गप्प बसल्या?" मी विचारायची. माझा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं, "छट्!"

इथवर ठीक होतं. पण घाटावरचा उत्सव जवळ आला आणि मामींनी जाहीर केलं, की या वर्षी पूर्वरंगात नेहमीसारखं अभंगाचं निरूपण, आणि उत्तररंगात ध्रुव नाही, अहिल्या नाही. इटलीच्या जोगिणींचं आख्यान. उत्सव समितीचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त सुभेदार. पलीकडच्या गावचे ऊसवाले, मिशी पांढरी, मन लोण्याचं, पण समितीला भ्यायचे. ते आमच्याकडे आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले.

"आवं मामी, किर्तनात ख्रिस्ती बायका? लोकं काय म्हनतील?"

"देवासाठी गाणाऱ्या बायका त्या. कुठल्या देवासाठी, ते तुमचा देव आणि त्यांचा देव बघून घेतील."

"मला लय पटतंय. पन कमिटीचा ठराव हाय. आख्यान बदला, न्हाईतर किर्तन रद्द."

उत्सवातलं दुपारचं कीर्तन हे मामींचं. मामा गेले त्या वर्षीसुद्धा चुकलं नव्हतं. सोडलेली जागा या वयात परत कोण देतो? एकदा गेली की गेलीच. शिवाय आवाजही आता वरच्या स्वरांना कुरकुरायला लागला होता. मला ते ऐकू येत होतं, म्हणजे त्यांना येतच असणार. मी डोळ्यांनी खुणावलं, घ्या की हो जरा नमतं. मामी म्हणाल्या, "रद्द करा."

मंडपाच्या फळ्यावर दुपारचं कीर्तन खोडलं गेलं. मामींनी घरोघर निरोप धाडला, "नेहमीच्या वेळी या. मंडपात नको, पायऱ्यांवर बसा." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझी खिडकी लागेल."

आमचा फ्लॅट घाटाला लागून, पहिल्या मजल्यावर. स्वयंपाकघराची जाळीची खिडकी थेट पायऱ्यांवर उघडते. त्या दुपारी पेटीवाले माझ्या डाळीच्या डब्यांवर बसले, तबलजी फ्रिज आणि पिठाच्या घरगुती गिरणीच्या मधे अडकले, आणि मामी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. आमचे हे ऑफिसातून लवकर आले, दारातूनच हा देखावा बघितला आणि कपाळाला हात लावून परत गेले. खाली बायकाच बायका! मामींनी जाळीतून हाक दिली, "आज मी दिसणार नाही, नुसती ऐकू येईन. त्या बायकांचं कीर्तन असंच करायचं असतं!"

आख्यान रंगायला लागलं तसे सुभेदार खिडकीखाली आले. "मामी, बंद करा वो. मला जाब इचारत्यात."

"माझ्या भाचेसुनेच्या स्वयंपाकघरात तुमचा ठराव चालत नाही, सुभेदार. बसा खाली, उन्हात उभे राहू नका."

सुभेदार बसले! मी स्वतः बघितलं.

आणि मग ते झालं. धर्माधिकाऱ्यांनी गाणं बंद करायचा हुकूम दिला, इथवर गोष्ट आली. मामींनी अभंगाचा चरण वर नेला आणि आवाज तुटला. पुन्हा घेतला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तोंडातून नुसता वारा आला. पेटी थांबली. मामींनी खिडकीची जाळी घट्ट धरली. इतक्यात खालून एकीनं तो चरण उचलला. मग दुसरीनं, मग सगळ्यांनी. वर्षानुवर्षं नुसत्या माना डोलावणाऱ्या बायका पायऱ्यांवर बसून मोकळ्या गळ्यानं गात होत्या.

मामींनी पदरानं नाक पुसलं. "बेसूर आहेत सगळ्या," म्हणाल्या. "म्हणू दे."

संध्याकाळी सुभेदार वर आले. मी दिलेला चहा त्यांनी बाजूला सारला. मग म्हणाले, "मामी, पुढल्या साली मंडपातच या. आख्यान तुमचं तुमी ठरवा. कमिटीशी मी बगतो."

ज्यासाठी एवढं भांडल्या, ते पुढ्यात आलं होतं. मला वाटलं, आता चार टोमणे तरी मारतील. मामी हळूच म्हणाल्या, "उशीर केलात हो, सुभेदार. गेल्या सालापर्यंत आवाज होता."

मग त्यांनी मान वर केली. "पण येणार मी. आवाज नसला तर नसला, नुसती गोष्ट सांगेन. गायला त्या आहेत की सगळ्या."

चहा निवला होता. मी तो परत गॅसवर ठेवला. पाठ फिरवायला तेवढंच निमित्त.