कोणाचा रे तू?

खरातमामांच्या दुकानात जुना कॅमेरा विकायला कुणी आलं, की मामा आधी माणसाकडे बघतच नसत. कॅमेरा हातात घेऊन उलटा करत, बुडाशी छापलेल्या नंबरावरून अंगठा फिरवत आणि त्यालाच विचारत, "कोणाचा रे तू?" अनोळखी पोर दारात दिसलं की खेड्यातली म्हातारी माणसं विचारतात, अगदी तसं. विकणाऱ्याची विचारपूस त्यानंतर.

जुन्या जालन्यात, कापडाच्या ठोक दुकानांमागच्या एका बोळात त्यांचं दुकान होतं. मामा मूळचे वडीगोद्रीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. उमेदीत लग्नाचे फोटो काढले आणि गुडघे बोलायला लागल्यावर जुन्या कॅमेऱ्यांची खरेदी-विक्री सुरू केली. अंगात बारा महिने खिसेच खिसे असलेलं जाकीट असे. गोड बोलून गिऱ्हाईक धरून ठेवणं त्यांना कधी जमलं नाही.

माझा धाकटा भाऊ संजूही लग्नाचे फोटो काढायचा. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. त्याचा कॅमेरा कपाटात राहिला. कपाट उघडलं की त्याची बायको मीना तिथंच थिजून उभी राहायची. शेवटी म्हणाली, "ताई, कोणाच्या तरी हातात जाऊ द्या हा. मला बघवत न्हाई." म्हणून ऑफिस सुटल्यावर मी तो घेऊन मामांकडे गेले.

संजूने कॅमेरा नवा घेतला होता, पण घर बदलताना बिलही गेलं आणि खोकंही. हे ऐकल्यावर मामांनी कॅमेरा सरळ माझ्याकडे सरकवला. बिल नसेल तर संजूने याच कॅमेऱ्याने काढलेले जुने फोटो आणा, म्हणाले. फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा नंबर उमटलेला असतो. तो बुडाच्या नंबराशी जुळला की झालं.

माझं डोकंच फिरलं. गेलेल्या माणसाने आता पुरावे द्यायचे का, असं मी फणकाऱ्याने विचारलं. मामांनी आवाज चढवला नाही.

"तुमच्यावर शक न्हाई घेऊन राह्यलो, ताई. माझा कॅमेरा अंबडच्या गाडीत चोरीला गेल्ता. मंग एका दुकानाच्या काचेत दिसला. बिलकुल माझाच, पण सांगू कशावरून? त्या दुकानदारानं घेतानी एकदा इचारलं असतं, तर कॅमेरा माझ्या घरी आला असता."

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेले, त्यांना तोंडघशी पाडायचं ठरवूनच. स्क्रीनवरची बारीक अक्षरं मामांना दिसत नसत, म्हणून नंबर मीच वाचला. तो जुळला नाही. दुसरं लग्न उघडलं, संजूच्या मुलीचं बारसं उघडलं. नंबर तोच, पण समोरच्या कॅमेऱ्याचा नव्हे.

हा कॅमेरा संजूचा नव्हता. मग कुणाचा? आणि मीनाला घरी जाऊन काय सांगायचं, तिच्या नवऱ्याच्या गळ्यात दुसऱ्याची वस्तू होती म्हणून? मामांनी चहा मागवला आणि नंबर कुठे बदलला ते शोधा, एवढंच सांगितलं.

मी एकेक लग्न उघडत पुढे गेले. आष्टीच्या एका लग्नात ते सापडलं. हळदीपासून अक्षतांपर्यंत जुना नंबर आणि नवरीच्या पाठवणीला समोरच्या कॅमेऱ्याचा. मध्ये फक्त जेवण, मी म्हणाले.

"जेवण?" मामांनी विचारलं आणि ते हसायलाच लागले.

फोटोवाला जेवायला बसताना फोटोंचं कार्ड काढून खिशात घालतो, मामांनी सांगितलं. कॅमेरा गेला तर दुसरा आणता येतो, लग्न पुन्हा लावता येत नाही. त्या दिवशी नवरीकडचा आणि नवरदेवाकडचा असे दोन फोटोवाले असणार, दोघांचे कॅमेरे सारखे, दोन्ही रिकामे, एकाच खुर्चीवर ठेवलेले. उठल्यावर ज्याच्या हाताला जो लागला तो त्याने उचलला आणि आपलं कार्ड त्यात घातलं. मला एकदम आठवलं, कॅमेऱ्याचं बटण हल्ली घट्ट लागतंय अशी कुरकुर संजू करायचा.

"दोन कळप मिसळले, ताई," मामा म्हणाले. "आमच्यात सकाळी बसून मेंढरं येगळी करायचे. चोर कोणी न्हाई ह्यात."

मामांनी फोन करकरून तो दुसरा फोटोवाला शोधला. गजानन त्याचं नाव. रविवारी तो आष्टीहून कॅमेरा घेऊन आला. आपलं बटण ढिलं झालंय असं त्याला इतके दिवस वाटत होतं. मी नंबर वाचला. जुळला. बिचाऱ्याने माझी माफीही मागितली, जशी काही चूक त्याच्या एकट्याचीच होती.

मामांनी संजूचा कॅमेरा उलटा धरला, बुडावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणाचा रे तू?"

"संजूचा," मी म्हणाले, आणि तिथंच काउंटरवर रडले. मामांनी सगळे खिसे चाचपले. रुमाल सापडेना, तेव्हा लेन्स पुसायचं फडकं पुढे केलं.

संजूचा कॅमेरा मी त्यांनाच दिला. मामा तो कुणाला विकणार, हे मी विचारलं नाही. मागच्या वर्षी मामा गेले. त्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्या बोळातून जायचं मी टाळते.

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न होतं. फोटो काढणारी एक तरुण मुलगी जेवायला निघाली. तिने कार्ड काढून खिशात घातलं, कॅमेरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि जरा लक्ष ठेवा म्हणाली. कॅमेरा ओळखीचा वाटला. माझ्या नकळत मी तो उलटा केला.

"कोणाचा गं हा?"

"संजूभाऊंचा," ती म्हणाली.

"तू ओळखायचीस त्यांना?"

"न्हाई काकू, कधी बघितलं बी न्हाई. खरातमामांकडून घेतलाय ना. ते म्हणले, कोणी इचारलं तर आधी त्यांचं नाव सांगायचं, मंग तुझं."

तिला म्हटलं, तू सावकाश जेव. आणि ती येईपर्यंत मी कॅमेरा मांडीवर घेऊन बसले.