माळ घातलेला कंडक्टर

बेळगुंदीहून सकाळी बेळगावला जाणाऱ्या बसचा कंडक्टर तिकिटाचं मशीन दांडीवर आपटत सगळ्यांवर ओरडायचा. रताळ्याची पोती घेऊन चढणाऱ्या बायका गप्प बसायच्या. मी पेपरात तोंड खुपसायचो.

पाडव्याला त्यानं तुळशीची माळ घातली. ओरडणं थांबलं, तरी कुणाचा विश्वास बसेना.

एकदा एका म्हातारीचं पोतं फाटलं आणि गाडीभर रताळी घरंगळली. आम्ही माना खाली घातल्या. त्याचा हात माळेवर गेला. मग तो वाकून रताळी गोळा करू लागला.

"राग गेला व्हय रं तुझा?" म्हातारीनं विचारलं.

"येतोय की आज्जी. खरं माळ धरली की गिळाय जमतंय."

आता त्या गाडीत बायकांचा इतका कालवा असतो की पेपर वाचता येत नाही. मी तो घडी करून ठेवतो आणि ऐकत बसतो.