आधी चूक, मग चहा

आमच्या संघटनेचा मी इतकी वर्षं सेक्रेटरी आहे, की खरं सांगायचं तर मला शालींचा वीट आलाय. शाल, नारळ, फेटे, फ्लेक्सवर कुणाचा फोटो केवढा, एवढंच आता माझं काम. गाड्यांच्या वायरिंगचा या सगळ्याशी काय संबंध, असं विचारू नका. मीही विचारायचं सोडून दिलंय.

सुरुवातीला आम्ही सातजण होतो, सातारा आणि सांगली जिल्ह्यांतले, गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करणारे. मी नुकताच फौजेतून सुटून आलो होतो. तिथंही गाड्याच दुरुस्त करायचो. तेव्हा नवीन नवीन यंत्रं यायला लागली होती. एक गाडीचा वेग आवळायचं, दुसरं गाडी कुठं आहे ते मालकाच्या मोबाईलवर दाखवायचं. कंपनीचा माणूस खोकं टाकून जायचा, आणि ते बसवताना डोकं आमचं फुटायचं. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी कराडला स्टँडमागच्या टपरीवर बसायचं ठरलं. कराड सगळ्यांनाच मधलं.

नियम एकच, आधी चूक, मग चहा. टपरीवाला सात कप पालथे घालून ठेवायचा. महिन्याभरात केलेली एक चूक सांगितल्याशिवाय कप सुलटा करायचा नाही. कुणी ऐटीत म्हणालाच, की माझी काही चूक झाली नाही, तर टपरीवालाच वरून म्हणायचा, "मग च्या बी न्हाई!" त्या टपरीवर मी जेवढं शिकलो तेवढं फौजेच्या कुठल्या कोर्समध्ये शिकलो नाही.

हा नियम आमच्या आटपाडीवाल्यानं काढलेला. सगळ्यांत लांबून यायचा तोच, मोटरसायकलवर, धुळीनं भुवया पांढऱ्या करून. आणि त्यानंच एक युक्तीही काढली होती. मालकाला गाडीवर नजर ठेवणारं यंत्र हवं असायचं, ड्रायव्हरला ते डोळ्यांसमोर नको असायचं. आम्ही बसवायचो, आठ दिवसांत तो उपटून टाकायचा. आटपाडीवाला म्हणाला, यंत्राला करंट ब्रेकलाइटच्या वायरीतनंच द्यायचा. यंत्र उपटलं की फ्यूज उडून मागचा लाइट बंद. पोलीस धरतील, मालकाला कळेल, या भीतीनं ड्रायव्हर हात लावणार नाही. आम्ही त्याच्या पाठीवर थापा मारल्या. मला तर ते इतकं आवडलं, की मी आकृती काढून, खाली सही करून सगळ्यांना मोबाईलवर पाठवली. स्वतःचा ब्रेकलाइट ड्रायव्हरला कधीच दिसत नसतो, ही साधी गोष्ट सात शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही.

मग ती यंत्रं सक्तीची झाली आणि आमचे दिवस पालटले. महाबळेश्वरच्या टॅक्सीवाल्यांची कामं करणारे आले, फलटणचे उसाच्या ट्रकवाले आले, बॅटरीच्या रिक्षावाले आले. संघटना रजिस्टर झाली. ओळखपत्रं झाली, गाडीच्या काचेवर लावायला गोल स्टिकर झालं. अध्यक्ष एका वर्षी साताऱ्याचा, दुसऱ्या वर्षी सांगलीचा, आणि त्यावरून दर वर्षी रुसवेफुगवे. नाकापेक्षा मोती जड झाला. टपरीवरनं आम्ही मंगल कार्यालयात गेलो. तिथं स्टेजवर कंपन्यांचे साहेब बसलेले. त्यांच्यासमोर चूक कोण सांगणार? कपांची गोष्ट आपोआप बंद पडली. बंद करूया, असं कुणी म्हणालंसुद्धा नाही.

सांगलीच्या वार्षिक मेळाव्याच्या आधी आटपाडीवाल्याचा फोन आला.

"फौजी, मला पाच मिन्टं पायजेत स्टेजवर. चूक सांगायची हाय."

"कसली रं?"

"लायटीची. माझ्या मेव्हण्याचा पाय गेला गड्या. म्होरं टेंपो, मागं ह्यो मोटरसायकलवर. टेंपोचं काम मीच केल्यालं. डायव्हरनं यंत्र उपटल्यालं, फ्यूज गेल्याला. त्यानं ब्रेक मारला, मागं लायट न्हाई. ह्येला कसं कळावं?" मग म्हणाला, "कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय. सगळ्यांनी आपापल्या गाड्या बोलवून ती वायर काढाय पायजे. माझं नाव खराब झालं तर हुंदे."

मी अध्यक्षांना सांगितलं. ते म्हणाले, "आवं सेक्रेटरी, आपलेच दात आन् आपलेच ओठ. साहेब लोकांम्होरं कशाला? मागनं बघू कमिटीत." मी त्यांना बरं म्हणालो. आटपाडीवाल्यालाही बरंच म्हणालो होतो. सेक्रेटरीला दुसरा शब्द येत नाही.

मेळाव्याला तो तिसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा शर्ट, खिशात घडी घातलेला कागद. पाहुणे दीड तास उशिरा आले. मग सत्कार. मग ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. आचारी दोनदा येऊन सांगून गेला की पुऱ्या गार होतायत. आटपाडीवाल्याचं नाव माझ्या यादीत शेवटी होतं, पेन्सिलनं लिहिलेलं. मी मान वर केली तर तो माझ्याकडंच बघत होता. अर्धा उठलाही होता, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. मी यादीकडं बघितलं आणि माईकवर म्हणालो, "आता आभार."

तो जेवला नाही. तसाच गेला.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी कराडला टपरीवर गेलो. दोन वर्षांनी गेलो असेन. का गेलो, तर घरी मन लागेना. आटपाडीवाला तिथं होता. एकटाच. समोर चहा, बाकावर अवजारांची पिशवी.

"त्ये येत्यात की दर म्हयन्याला," टपरीवाला मला म्हणाला. "चूक मलाच सांगत्यात." आणि त्यानं न विचारता माझ्यासमोर कप पालथा घातला.

मी समोर बसलो. म्हणालो, "चुकलो गड्या. तुझी पाच मिनिटं मी खाल्ली. माझी चूक झाली," आणि कपाला हात घातला.

त्यानं माझा हात धरला. रागानं नाही. तोही दमलेलाच दिसत होता.

"ही चूक न्हवं फौजी. चूक म्हंजी करताना कळत न्हाई ती. तुला कळत हुतं."

टपरीवाला किटली घेऊन उभा होता, तो मागं वळला. आटपाडीवाल्यानं चहा संपवला आणि पिशवी उचलली.

"ऊठ. फलटणला एकजण वायर काढाय तयार झालाय. ट्रक लावून ठेवल्यात त्यानं. मागं हुबं ऱ्हायला माणूस पायजे."

मी त्याच्या मोटरसायकलवर मागं बसून फलटणला गेलो. कारखान्याच्या वाटेवरच्या मैदानात ट्रक ओळीनं उभे होते, प्रत्येकाच्या काचेवर आमचं गोल स्टिकर. तो केबिनमध्ये चढून ब्रेक दाबायचा आणि ओरडायचा, "लागला का?" मी मागं उभा राहून सांगायचो. पहिल्याचा लागला, दुसऱ्याचा लागला. जिथं लागला तिथंही तो जोड सोडवून वायर वेगळी काढत होता.

चौथ्या ट्रकचा जोड सोडवायला त्यानं मलाच वर बोलावलं. मी स्टिअरिंगखाली वाकलो. तुटलेली वायर लोंबत होती, आणि तिच्या वर जोडावर काळी टेप. टेपचं शेवटचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढं सोडवणाऱ्याला नख घालायला जागा राहावी म्हणून. ही फौजेतली सवय. दोन जिल्ह्यांत असं टोक माझ्याशिवाय कुणी दुमडत नाही.

त्यानंही ते बघितलं. त्यानं ब्रेकवर पाय ठेवला. मी खाली उतरून ट्रकच्या मागं जाऊन उभा राहिलो, आणि वरून त्याचा आवाज आला, "लागला का?"

"न्हाई," मी म्हणालो. मग त्याला ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्यानं म्हणालो, "न्हाई लागला."