दाराआडची केमिस्ट्री

आमच्या योगिनीनं बारावीची केमिस्ट्री दाराआडून, निस्ती कानानं शिकली. हसू नका. मी बी पयले हसलीच होती, अन् मंग ते हसू मलेच जड गेलं.

योगिनी म्हणजे जानरावची सून, अन् जानराव माहा लहाना भाऊ. भावजय वारली तवापासून मी रिठदले त्याच्याच घरी राह्यते. योगिनीचा नवरा प्रज्वल शेलूबाजारले एका मेडिकलवर कामाले आहे. तिथंच खोली करून राह्यते, शनिवारी रात्री येते अन् सोमवारी पहाटे पळते. म्हणजे घरात आमी तिघं. एक म्हातारा, एक म्हातारी अन् बावीस वर्षाची पोरगी.

तिची बारावी काहून राह्यली, ते पयले ऐका. केमिस्ट्रीत लेखीले पडले एकतीस अन् प्रॅक्टिकलले भोपळा. पासले पाह्यजेत पस्तीस. चार मार्कांनी गेली, बाकी सगळे विषय सुटले. भोपळा काहून? त प्रॅक्टिकलच्या दिवशी शिरपूरले तिच्या माहेरी पाव्हणे आले होते पोरगी पाहाले. अन् ते पाव्हणे कोण? जानराव अन् मी. मी त दोनदा पोहे मागून खाल्ले. पोरगी साडी नेसून चहा घेऊन आली अन् एकसारखी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहे. वापस येताना मी जानरावले म्हणलं, पोरगी गुणाची दिसते, पण तिले कशाची तरी लय घाई आहे. तिकडं कॉलेजात त्याच वेळेले तिचा नंबर लागला होता, हे आमाले लग्नानंतर सहा महिन्यानं कळलं. तिच्या घरच्यायनं सांगितलं नाही, अन् आमी बी चहा पिताना विचारलं नाही.

मंग तिनं रिपीटरचा फारम भराची गोष्ट काढली. काढली म्हणजे माह्याजवळ काढली. आमच्या घरात सून सासऱ्याच्या समोर येत नाही अन् त्याच्यासंगं बोलत नाही. तो बी सुनेसंगं बोलत नाही. काही सांगाचं असलं त मधात माणूस लागते. पयले भावजय होती, आता मी. लोकायच्या घरी पोस्टमन येते, आमच्या घरात तो राह्यते.

प्रज्वलच्या मालकानं त्याले सांगितलं होतं, बायकोनं फार्मसीचा डिप्लोमा केला त तुमचं सोताचं मेडिकल होईन. पण डिप्लोम्याले बारावीची केमिस्ट्री पाह्यजे. मी हे सगळं जानरावपाशी पोचवलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाला, "सांग तिले. घरी बसून होत असन त एक बारी करू दे. पास झाली त पुढचं पाहू. नाही झाली त या घरात पुस्तकाचं नाव निघाचं नाही."

घरी बसून, म्हणे. आता घरी कसं बसाचं ते पाहा.

त्याच साली जून महिन्यात जानराव पुलाजवळ गाडीवरून पडला. मांडीत रॉड टाकला अन् त्याची खाट ओसरीत आली. पयले तो दिवसभर वावरात राहे, त ओसरी, समोरचं अंगण, रस्त्यावरचं दार, सगळं योगिनीचं. खाट आली अन् तिचं घर अर्धं झालं. सैपाकखोली, मधली खोली अन् मागचं अंगण. नळाचं पाणी मागून, भाजीवाल्यापाशी मी. दारावरून कोण गेलं हे बी तिले आवाजावरूनच समजे. "शालिग्रामभाऊ गेले वाटते," म्हणे. चपलेवरून वळखे.

अन् फोन. तिनं आपला फोन लग्नात लहान्या बहिणीले देऊन टाकला, तिची दहावी होती. प्रज्वलचा फोन साधा बटणाचा, अन् तो बी शेलूबाजारले. राह्यला जानरावचा, तो काही त्याच्या उशाखालून हालेना. मी म्हणलं, दोन तास आत दे. त म्हणे, अन् कोणाचा फोन आला त? त्याले आठवड्यातून एक फोन यायचा, तो बी कंपनीचा. पण माणूस पडून होता, पाय हालत नव्हता. त्याच्याकडं जे काही येत होतं ते त्या फोनातूनच. म्हणून मी बी लय ताणलं नाही.

शेवटी असं ठरलं का दुपारी दोन ते चार फोन खाटीपाशी खिडकीत उभा करायचा, व्हिडिओ मोठ्या आवाजात लावायचा, अन् योगिनीनं दाराआड बसून ऐकायचं. म्हणजे आवाज सुनेले अन् चित्र सासऱ्याले.

पुस्तक सगळं इंग्रजीत. व्हिडिओतला सर हिंदीवाला, अन् त्याचे धडे पुस्तकाच्या नंबरानं येतच नव्हते. पुस्तकातला चौथा तो सरचा नववा. पोरीनं काय केलं, अनुक्रमणिकेवर पेन्सिलनं सरचे नंबर टाकले. रोज भाकरी झाल्या का त्या दिवसाचा धडा पुस्तकातून वाचून घे, आकृत्या वहीत काढून ठेवे. दुपारी सर 'यहाँ देखो' म्हणला का ती आपल्या आकृतीवर बोट ठेवे. पुस्तकात ते सापडलं नाही त समासात फुली. चार वाजले का त्या फुल्या घेऊन मी ओसरीत.

"काय रे जानराव, त्या रिंगणात काय होतं म्हणते?"

"रिंगण नव्हतं ते. सहा कोनाचं होतं, मोहोळाचं घर असते तसं. आतून एक आड एक दोन-दोन रेघा."

मी आत जाऊन सांगे, अन् ती चटकन चित्र काढून मोकळी. बेन्झीन म्हणते त्याले. मले त्या दिवसापासून पाठ आहे. मी जानरावले म्हणलं, तुहा बी फारम भरून टाकू, दोघं संगं जाजा परीक्षेले. तोंड फिरवून घेतलं. पण पावणेदोन वाजले का धोतराच्या सोग्यानं फोन पुसून ठेवे, हे मी पाह्यलेलं आहे.

मले गंमत वाटे. तिची गंमत नव्हती. दारामागं हातभर जागा. पाय लांब केला त दिसन, खोकली त ऐकू जाईन. कधी सर काही तरी करून दाखवे अन् ओसरीत जानराव हासे. ती माह्याकडं पाहे. कायले हासले, हे बी तिले चित्राशिवाय कळत नव्हतं, अन् ते काही फुली मारून विचारता येत नव्हतं.

जानेवारीत प्रॅक्टिकलचे व्हिडिओ लागले अन् तिथं गाडी अडली. वर काचेची नळी, तिच्यात जांभळं औषध, खाली बाटलीत पाण्यासारखं दुसरं. वरून थेंब थेंब सोडाचं. खालचं जरासं गुलाबी होऊन तसंच राह्यलं का नळी बंद कराची. सर म्हणे, "बस, इतना ही रंग। एक बूँद ज़्यादा, तो रीडिंग गई।" इतना म्हणजे कितना? पुस्तक म्हणे, फिक्कट गुलाबी. पण फिक्कट किती? फुली पडली, मी ओसरीत गेली. जानराव म्हणाला, हरबऱ्याच्या फुलासारखा.

वावरात हरबरा फुलावरच होता. मी दोन फुलं आणून देल्ली. तिनं ती वहीत चिकटवली अन् बाजूले लिहिलं, इथं थांबाचं. चार दिवसानं वही उघडली त फूल सुकून निळं-जांभळं झालेलं. माह्यापाशी घेऊन आली. "आत्याबाई, आता कोणत्या रंगावर थांबू? परवा प्रॅक्टिकल आहे."

तवा मले ते आठवलं जे मले कवाचंच ठाऊक होतं. जानरावच्या दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू आहे. दोन वर्षापासून ऑपरेशन टाळून राह्यला, कोणाले सांगू बी देत नाही. दिवाळीत माह्या पिवळ्या लुगड्याले पांढरं म्हणला होता. रेघा, कोन त्याले दिसत. फिक्कट रंग कुठून दिसन? थेंब जास्त झाला त कसं होते ते सरनं शेवटी दाखवलं असन, अन् तेवढंच याले दिसलं असन. अन् मी इकडचं तिकडं करण्यात इतकी रमली होती का पोरगी कोणाच्या डोळ्यानं शिकून राह्यली, हे मनातच आणलं नाही.

मी ओसरीत गेली. फोन आत दे म्हणलं, नाही म्हणाला. मंग ती बाहेर येते म्हणलं.

"माह्या समोर?"

"समोर नाही. मागं."

माह्या आईपासून सगळ्यायनं समोर यायचं नाही असं सांगितलं. मागं उभं राह्याचं नाही, असं कोणी सांगून नाही गेलं. मी खाट धरली अन् वढली. तो पायाच्या नावानं बोंबलत होता, तरी वढली. तोंड खिडकीकडं, पाठ दाराकडं.

योगिनी उंबऱ्याबाहेर आली. आठ महिन्यानं. पदर नाकापर्यंत. अन् पयले तिनं फोनाकडं पाह्यलंच नाही, रस्त्याकडं पाह्यलं. मंग खाटीमागून वाकली. सरनं थेंब सोडला, खालचं पाणी बदललं न बदललं, अन् तो म्हणाला, इतना ही रंग.

"मामाजी," ती म्हणली, "हा हरबऱ्याचा नाही. हा त जवळपास पाणीच आहे."

सासऱ्यासंगं तिचं ते पयलं बोलणं. त्यानं मान फिरवली नाही. खिडकीकडं पाह्यतच म्हणाला, "मले त पांढरंच दिसून राह्यलं."

तिनं तो व्हिडिओ उभ्यानं तीनदा पाह्यला अन् आत गेली. नखानं वहीतलं फूल खरडून काढलं.

निकाल मे महिन्यात जानरावच्याच फोनवर आला. तवा तो काठी घेऊन बसत-उठत होता. त्याले वाचता येईना, मले इंग्रजी येत नाही. मी तिले बोलावलं, अन् या बारीले समोर यावंच लागलं, फोन त्याच्या हातात होता. प्रॅक्टिकल तीसपैकी सव्वीस. लेखी अडतीस. चौसष्ट.

जानरावनं फोन उशाखाली सरकवला. मंग मले म्हणाला, "सांग तिले. वाशीमच्या कॉलेजात रोज जाणं-येणं होत नाही."

तिनं मान वर केली. "मामाजी, तुमी पास झाली त पुढचं पाहू म्हणले होते."

"पाहू म्हणलं होतं," तो माह्याकडं पाहून म्हणाला. "जाऊ दे म्हणलं नव्हतं. सांग तिले."

मी म्हणलं, मी नाही सांगत. हातभरावर उभी आहे, तूच सांग.

अन् त्याले सांगता आलं नाही. सासऱ्यानं सुनेसंगं बोलाचं नाही. आजवर एक बी गोष्ट तो तिच्या तोंडावर बोलला नव्हता, अन् मी तोंड बंद केल्यावर नाही सांगाले त्याच्याजवळ माणूसच उरला नाही. बसला काठी आपटत. ती बी हालली नाही. आत दूध उतू जाऊन राह्यलं होतं, वास येत होता, मी सुद्धा उठली नाही. शेवटी तोच उठला अन् अंगणात गेला. शनिवारी रात्री प्रज्वल आला, अन् त्यानं कोणाले न विचारता फारम भरला. जानराव त्याले बी 'सांग तिले' म्हणाला, त तो म्हणे, तुमीच सांगा.

जानराव अजून हो म्हणला नाही. योगिनी रोज पहाटे दोन येळचा सैपाक करून मागच्या दारानं निघते, गल्लीतून वळसा घालून स्टँडवर जाते, अन् संध्याकाळी तसाच वळसा घालून मागूनच येते. ओसरीत यायची तिची आजही सोय नाही. डिप्लोमा दोन वर्षाचा आहे. या दोन वर्षात त्याले निरोप न्याले दुसरं कोणी सापडलं, त तिचं कॉलेज त्याच दिवशी बंद. म्हणून मी सध्या तब्येतीले लय जपून राह्यली. दोन गोळ्या सकाळी, एक रात्री, अन् त्या बी तिच्याच हातानं घेते.