मांडी मोजणाऱ्या मॅडम

“बरं. आता टेप लावू.”

‘रोज व्यायाम करतो’ असं कोणी म्हटलं, की मॅडम एवढंच म्हणायच्या. मग गळ्यात अडकवलेली शिंप्याची पिवळी टेप काढायच्या आणि त्या माणसाच्या मांडीभोवती गुंडाळायच्या. “माणूस खोटं बोलते भाऊ, मांडी नाही बोलत.”

संशयी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोणी नोट उजेडात धरून पाहतं, कोणी कुलूप तीनदा ओढतं. पण समोरच्याच्या मांडीवर संशय घेणारी मी तरी ही एकच बाई पाहिली.

संशय मात्र एकतर्फी नव्हता. त्यांचा दवाखाना अमरावतीत एका औषधाच्या दुकानाच्या वर होता, सतरा उभ्या पायऱ्या चढून. गुडघ्याचा दवाखाना आणि माडीवर! मला पहिल्याच दिवशी वाटलं, खालच्या औषधवाल्याशी हिचं संगनमत असणार. वर गेलो तर खोलीत दोन बाकडी, दोन गाद्या आणि कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेलं एकुलतं एक मशीन. मॅडम खिडकीशी उभ्या राहून कोण कसं पायऱ्या चढतं ते ऐकत होत्या. मी आत येताच म्हणाल्या, “डावा ना?”

हे तर खालच्या औषधवाल्याच्या पोऱ्यानेही सांगितलं असतं, मी मनात म्हटलं. लंगडतच तर आलो होतो.

“मॅडम, करंट नाही लावत?” मी मशीनकडे पाहत विचारलं.

“लावला तर काय होईन?”

“बरं वाटते म्हणते लोक.”

“बरं वाटून काय करता? तुमाले बसता याले पाहिजे ना?”

ते खरं होतं. चांदूर बाजारजवळ माझी संत्र्याची रोपवाटिका आहे. जंबेरी लिंबाच्या रोपाला जमिनीपासून वीतभर उंचीवर चीर द्यायची, संत्र्याच्या फांदीचा डोळा आत सरकवायचा आणि वर पट्टी बांधायची. हे काम उकिडवं बसूनच होतं. पाट घेऊन पाहिला. दर हातावर सरकावं लागतं, त्यात पाट उचलण्यातच दिवस जातो. माझ्या हातचा डोळा फुकट जात नाही, एवढी एकच गोष्ट माझ्याबद्दल गावात चांगली बोलली जाते. आणि आता मी बसलो, की मला उठवायला दोघं लागत होते. दिवाळीनंतर डोळे बांधायचे होते. तोपर्यंत गुडघा वळला नाही, तर कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या चुका काढणं एवढंच काम उरणार होतं. हाडाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, झीज थोडीच आहे, मांडीत जोर राहिला नाही. म्हणून मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी व्यायाम दिला तो असा: उताणं झोपायचं, पाय सरळ ठेवून हातभर उचलायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा. बस्स! एवढ्यासाठी मी अमरावतीपर्यंत आलो? असे पाय तर आमचा नातू पाळण्यात हलवत होता.

तरी तीन आठवडे मी व्यायाम केला. अगदी खरा केला. चौथ्या आठवड्यात मॅडमनी दोन्ही मांड्यांना टेप लावली, पुन्हा लावली आणि माझ्याकडे चोरासारखं पाहिलं.

“उजवी मांडी भरली. डावी तशीच आहे. झोपा. करून दाखवा.”

मी झोपलो आणि पाय उचलला.

“दुखणारा कोणता?”

“डावा.”

“मंग हा काहून उचलला?”

“तो उचलत नाही ना, मॅडम. दुखते. हा उचलते.”

बाकड्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारबा म्हणाले, “बरोबरच आहे ना त्याचं!” त्यांच्याही मांडीला लगेच टेप लागली.

मॅडम मात्र हसल्या नाहीत. “तीन आठवडे गेले, भाऊ. दिवाळीले किती राहिले?” त्यांनी एवढंच विचारलं. मी डावा उचलला.

त्यानंतर रोज सकाळी सहाला त्यांचा फोन यायचा. मी फोन उशाशी ठेवून पाय उचलायचा आणि मोठ्याने मोजायचं. एक दिवस कंटाळा आला म्हणून मी नुसतेच आकडे म्हटले.

“भाऊ, पाय उचलणारा माणूस इतकं गोड मोजत नाही. पहिल्यापासून.”

बायको चहा ओतता ओतता म्हणाली, “मले नाही जमलं तीस वर्षांत, ते या बाईले जमलं.”

मग एक दिवस मी हेल्मेट विसरलो म्हणून परत गेलो. दवाखाना बंद करून मॅडम जिना उतरत होत्या. तिरप्या होऊन, कठडा दोन्ही हातांनी धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मला तर घबाडच सापडलं! स्वतःचा गुडघा नीट करता येत नाही आणि आमच्या मांड्या मोजते.

पुढच्या खेपेला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी संधी साधली.

“मॅडम, तुमी करता काय व्यायाम?”

“करते ना. रोज.”

“मंग टेप लावू?”

त्यांनी टेपेला हात घातला आणि तो तसाच राहिला. मग बाकड्यावर बसत म्हणाल्या, “दिवसभर लोकाईचे पाय उचलते, भाऊ. घरी गेल्यावर सोताचा उचलवत नाही. माणूस कसं खोटं बोलते, ते मले घरूनच माहीत आहे.”

त्या दिवशी मी दोन फेऱ्या जास्त केल्या, न सांगता.

दिवाळी झाली. पहिल्या दिवशी रोपांच्या ओळीत बसलो, हात न टेकता उठलो आणि तिथूनच फोन लावला. “मॅडम, बसलो!”

“येते पाहाले.”

आणि खरंच, रविवारी एसटीने आल्या. बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, “बसा. उठा. पुन्हा.” रोपं लावणाऱ्या बायांसमोर त्यांनी माझ्याकडून पाच वेळा उठबस करून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीकडे गेल्या, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी म्हणे. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्यामुळे माझ्यापाशी त्यांचा तो रविवारच शेवटचा उरला आहे.

डोळा कसा बसवतात ते त्यांना जवळून पाहायचं होतं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन त्या हळूहळू खाली बसल्या, मातीतच. पाहून झालं. मी उठवायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या थोडा वेळ. किती दिवसांनी भुईवर बसली मी. तुमी पुढचं रोप घ्या.”

मी पुढचं घेतलं. मग त्याच्या पुढचं. दर वेळी मागे पाहिलं, तर त्या पाय लांब करून बसलेल्या होत्या, दोन्ही तळवे मातीवर ठेवून. माझी ओळ लांबत गेली.