चारशे तेरावं पाकीट

त्या घराण्यात लग्न ठरलं की दोन गोष्टी ताबडतोब व्हायच्या. कुणीतरी रुसायचं आणि कुणीतरी बोरूआत्याला निरोप द्यायचं. रुसणारी माणसं दर लग्नाला बदलायची. निरोप मात्र पस्तीस वर्षं एकच होता: "पाकिटं आलीत, पेन घेऊन ये."

बोरूआत्या हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आठवायला घरच्यांनाही जरा वेळ लागला असता. शिक्षण मंडळाच्या कचेरीत एकतीस वर्षं तिने प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहिली होती. गणितात काठावर सुटलेल्या पोरालासुद्धा त्या अक्षरात आपलं नाव बघून आपण काहीतरी पराक्रम केलाय असं वाटायचं. लग्न तिने केलं नव्हतं. "तिला आवड नव्हती," असं घरात सांगितलं जायचं. तिला तसं कुणी विचारल्याचं मात्र कुणालाच आठवत नव्हतं. धाकट्या भावाच्या घरात मागची खोली तिची. भाऊ आणि वहिनी दिवसभर फरशीच्या दुकानात, त्यामुळे भाची वाढली ती आत्याच्याच हाताखाली. शाळेत सोडणं, आणणं, ताप आला की कपाळावर घड्या ठेवणं, सगळं तिच्याकडे.

आणि घराण्याचा एक नियम होता, न लिहिलेला, म्हणून जास्तच पक्का. घरच्यांना पत्रिका द्यायची नसते. त्यातून पाकिटं लिहिणारीला तर नाहीच नाही. एक्केचाळीस लग्नांची पाकिटं तिने लिहिली. त्यातल्या एकावरही तिचं नाव नव्हतं. दर वेळी शेवटचं पाकीट लिहून झालं की ती पेनाचं टोपण लावायची आणि उगाच एकदा गठ्ठ्यावरून बोट फिरवायची. काय शोधते आहेस, असं कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं नसतं.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मात्र तिच्या मनाने घेतलं, की या खेपेला पत्रिकेत आपलं नाव हवं. पाकिटावर नको, आत. निमंत्रण देणाऱ्यांच्या यादीत, कुठेही, खालून दुसरं असलं तरी चालेल. एवढंच. मागणी एवढी लहान होती की ती मोठ्याने बोलायची तिला लाज वाटत होती.

पत्रिका निवडायला चौघं गेली. दुकानदाराने एकावर एक जाडजूड अल्बम टाकले आणि बोटाला पाणी लावून पानं उलटायला लागला. भाऊ कागदही फरशीसारखाच तपासायचा. नखाने टकटक करायची, कडेवरून अंगठा फिरवायचा, मग उजेडात तिरपा धरून चकाकी बघायची. वजनात कमी भरेल अशी कुठलीही गोष्ट त्याला प्रतिष्ठित वाटायची नाही.

"याहून जाड?" तो विचारायचा.

"साहेब, याहून जाड म्हणजे मग पुठ्ठाच."

"मग पुठ्ठा दाखवा."

वहिनीला सोनेरी हवं होतं. कशावर सोनेरी हा प्रश्न तिच्या दृष्टीने गौण होता. भाचीला "अगदी साधं" हवं होतं, आणि तिने फोनमधून काढलेल्या त्या साध्या पत्रिकेला तीन घड्या, एक रेशमी फीत आणि मेणाचा शिक्का होता. शेवटी तिघांचंही समाधान करणारी एक चीज निघाली. गडद जांभळी, पुठ्ठ्याची, सोनेरी कडांची, फीत बांधलेली. पाकीट त्याच रंगाचं, वर तकतकीत मुलामा. सोबत आभाराची कार्डं, पुढच्या खुर्च्यांवर ठेवायला नावाचे त्रिकोण, आणि पाकिटात घालायचं एक छोटं उत्तराचं कार्ड. त्यावर दोन चौकोन, 'येणार' आणि 'येणार नाही', खाली 'व्यक्ती किती'. परत पाठवायला तिकीट लावलेलं वेगळं लिफाफ्याचं बाळही होतं, त्यावर फरशीच्या दुकानाचा पत्ता छापायचा.

"म्हणजे किती माणसं येणार ते आधी कळतं," भाची म्हणाली.

"आपल्यात सांगून कोण आलंय आजवर?" भाऊ म्हणाला. पण सेटमध्येच होतं, आणि सेटमधलं सोडणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बोरूआत्याने पर्समधून पेन काढलं आणि नमुन्याच्या पाकिटाच्या कोपऱ्यात एक रेघ ओढली. शाईचे थेंब झाले आणि ते घरंगळून खाली आले.

"यावर शाई धरत नाही," ती म्हणाली.

"अहो बाई, सँपल आहे ते!" दुकानदार कळवळला.

"ताई, शाईचं बघू नंतर," भाऊ म्हणाला. "आधी रंग बघ. कसला भारदस्त वाटतोय."

तिने पेनाला टोपण लावलं. एकतीस वर्षं कागदावर लिहिणारं एकमेव माणूस त्या दुकानात होतं आणि कागदाविषयी त्याचंच मत कुणाला नको होतं. अशा वेळी भांडायचं असतं हे तिला ठाऊक होतं. सवय नव्हती.

मजकूर ठरवायला दोन रविवार गेले. निमंत्रकांची यादी भावाने दुकानाच्या पॅडवर तयार केली आणि सुवाच्य प्रत काढायला ताईकडे दिली. तिने घाईने खालपर्यंत नजर टाकली, मग सावकाश वरपर्यंत आणली. सत्तावीस नावं होती. सहा वर्षं तोंड न बघितलेले दोन चुलते होते. वहिनीची जाऊ होती, जिने साखरपुड्याला पाऊल टाकणार नाही असं जाहीर केलं होतं. फरशी कंपनीचा विभागीय व्यवस्थापक होता, ज्याने भाचीला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

तिने सत्तावीस नावं सुबक लिहून काढली. मग कागद भावासमोर ठेवून म्हणाली, "माझं नाव राहिलंय."

भावाने वर पाहिलं. त्याला खरंच गंमत वाटली. "अगं ताई, तू घरचीच की. तुझं कशाला? बाहेरच्यांची घालावी लागतात, नाहीतर रुसतात."

"आणि मी रुसत नाही, म्हणून नाही?"

"तू कुठे रुसतेस!" तो कौतुकाने म्हणाला. "तुझ्यासारखं समंजस माणूस आहे का दुसरं या घरात?"

भाची दारात उभी होती. तिलाही विचारलं. "आत्या, तू तर आपलीच ना," असं म्हणून तिने गळ्यात हात टाकले आणि फोन वाजला म्हणून काढून घेतले. एवढं कौतुक एकाच संध्याकाळी बोरूआत्याच्या वाट्याला कधी आलं नव्हतं. रात्री वाढलेलं ताट तिने तसंच झाकून ठेवलं, तेव्हा तिला कळलं की आपल्याला चांगलाच राग आला आहे. पुष्कळ वर्षांचा होता. साठून राहिल्यामुळे चांगला मुरला होता.

पाकिटं आली, चारशे वीस. शाई धरत नव्हतीच. तिने बाजार पालथा घालून रुपेरी शाईची पेनं शोधली. ती शाई वाळायला एकेका नावाला दहा मिनिटं लागायची. त्यामुळे घरभर भावाच्याच दुकानातल्या फरशीवर जांभळी पाकिटं पसरून ठेवावी लागली आणि सगळं कुटुंब अकरा दिवस भिंतीला चिकटून चालत होतं. "ताई, जरा लवकर आटप ना," भाऊ एका पायावर तोल सांभाळत म्हणायचा. "रंग भारदस्त आहे," ती म्हणायची आणि पुढचं पाकीट ओढायची.

चारशे बारावं पाकीट विभागीय व्यवस्थापकाचं होतं. ते वाळत ठेवून तिने टोपण लावलं, गठ्ठ्यावरून बोट फिरवलं, आणि टोपण परत काढलं. चारशे तेराव्या पाकिटावर तिने आधी 'आदरणीय' लिहिलं. मग स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, प्रमाणपत्रावर काढतात तशा वळणाने. खाली त्याच घराचा पत्ता. एक कोपरा उरला. तिथे सगळ्यांच्या पाकिटावर 'सहकुटुंब' होतं. तिने थोडा वेळ विचार केला आणि आपल्याही पाकिटावर लिहिलं, तेही जरा मोठं.

पोस्टमनने ते चौथ्या दिवशी आणून भावाच्या हातात दिलं. तो हसून हसून दमला. "ताई, हा काय पोरकटपणा! तिकीट फुकट घालवलंस."

"पत्रिका छान आहे," ती म्हणाली आणि पाकीट घेऊन खोलीत गेली.

उत्तराची कार्डं चारशे तेरा गेली होती. परत आलं एक. दुकानातल्या माणसाने ते मालकासमोर ठेवलं. 'येणार' या चौकोनात रुपेरी खूण होती, आणि 'व्यक्ती किती' पुढे सुंदर अक्षरात 'दोन'. भावाने तेही गिऱ्हाइकांना दाखवलं. आमची ताई म्हणजे अशी, असं दिवसभर सांगितलं. ती म्हणजे कशी, हे मात्र त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला घरात आरडाओरडा सुरू झाला. दारात गाडी उभी होती. "ताई, चल, सामान भरायचंय."

ती खोलीत खुर्चीवर बसून चहा पीत होती. "पत्रिकेत अकरा लिहिलंय," ती म्हणाली.

"अगं ते पाहुण्यांना!"

"हो ना. आलीय मला पत्रिका. किल्ल्या आणि सामानाची यादी टेबलावर ठेवलीय. कुठल्या पिशवीत काय, सगळं लिहिलंय."

भांडायला वेळ नव्हता. सगळे तणतणत गेले.

अकराला पाच कमी असताना सभागृहासमोर रिक्षा थांबली. आत्याने ठेवणीतली साडी नेसली होती. बरोबर खालच्या मजल्यावरची निवृत्त नर्स होती. वीस वर्षं दुपारचा चहा दोघी एकत्र प्यायच्या, तेव्हा कुटुंब म्हणून दुसरं कुणाला आणणार? दाराशी भाऊ हात जोडून उभा होता. दोन तासांत त्याने दोनशे माणसांना तेच वाक्य म्हटलं होतं आणि आता ते त्याच्या तोंडून आपोआप गळत होतं.

"या, या, आलात, फार बरं वाटलं. जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

"नाही जाणार," ती म्हणाली. "आग्रहाचं निमंत्रण आहे."

त्याचे हात जोडलेलेच राहिले. तोवर ती पुढे गेली होती.

ती चौथ्या रांगेत बसते न बसते तोच वहिनी धापा टाकत आली. "वन्सं, अंगठ्यांची डबी कुठंय?"

"यादीत आहे. सातवी ओळ."

"यादी कुठंय?"

"घरी टेबलावर. सकाळी तुम्ही चहाचा कप ठेवलात ना, त्याच्याखाली."

गाडी घरी धाडावी लागली. अर्धा तास लग्न खोळंबलं. व्यासपीठावरून भाची चौथ्या रांगेकडे बघत होती. आत्याने तिला हात केला, लांबच्या पाहुण्या करतात तसा. भाचीचा चेहरा पडला. ते बघून आत्या खुर्चीच्या कडेपर्यंत सरकली, पण उठली नाही.

अंगठ्या आल्या, लग्न लागलं. मग भाऊ आला आणि तिच्या खुर्चीशी वाकला. चारचौघांत आवाज चढवता येत नव्हता, म्हणून तो कुजबुजला.

"ताई, झालं ना आता? पुढे येऊन बस. पहिल्या रांगेत 'घरची मंडळी' लिहून ठेवलंय, तूच लिहिलंयस ते."

"लिहिलंय मीच," ती म्हणाली. पर्समधून जांभळी पत्रिका काढून तिने त्याच्या हातात दिली. "यात घरची मंडळी कोण कोण आहेत, ते वाच एकदा. सत्तावीस आहेत. माझं सापडलं तर सांग, येते."

तो तिथेच उभ्या उभ्या यादी वाचू लागला. वरून खाली. मग खालून वर. एवढं जाड कार्ड पेलायला त्याला दोन्ही हात लागले होते. पहिल्या रांगेत विभागीय व्यवस्थापक 'घरची मंडळी' या त्रिकोणाशेजारी बसून घड्याळ बघत होता.

"चल," बोरूआत्या नर्सला म्हणाली. "पंगत मांडलीय."

दोघी पहिल्या फेरीलाच बसल्या. एक्केचाळीस लग्नांत ती घरच्यांबरोबर सगळ्यांत शेवटी जेवली होती, उरलेलं आणि गार. समोर ताट आलं, त्यातून वाफ येत होती. तिने पहिला घास घेतला आणि तिची जीभ भाजली.